वाघाच्या नावानं आंघोळ

साल एकोणीसशे सदुसष्ट. जानेवारी महिना. संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते, आणि पुढच्या महिन्यात निवडणुका म्हणून भोंगे बांधलेले रिक्षे नागपुरात धंतोलीच्या गल्ल्यांतून सकाळ-संध्याकाळ ओरडत फिरत होते. त्या सालात देशात काय काय झालं ते सुभद्रेला आता विचारून उपयोग नाही. तिला त्या सालचा एक गुरुवार आठवतो, शुक्रवार आठवतो आणि त्यानंतरचा रविवार. बाकीचं साल त्या तीन दिवसांच्या मागे कुठंतरी राहून गेलं.

गुरुवारी दुपारी शोभाताई हळदीकुंकवाला आल्या होत्या. कृष्णकांतच्या कचेरीत पुण्याहून बदलून आलेले वामनराव साहेब, त्यांच्या त्या पत्नी. सुभद्रेच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात साहेबाच्या घरचं माणूस पहिल्यांदाच येत होतं, म्हणून तिनं सकाळपासून फरशी दोनदा पुसली होती आणि घरातली एकुलती एक खुर्ची खिडकीपाशी ओढून तिच्यावर धुतलेला टॉवेल घातला होता. बोलणं अर्थातच रविवारचं निघालं. रविवारी दोन्ही कुटुंबांनी मिळून महाराजबागेत जनावरं पाहायला जायचं ठरलं होतं. शोभाताई बोलायला मोकळ्या होत्या. मागं एकदा पाहुण्यांबरोबर त्या बागेत गेल्या तेव्हाची गोष्ट सांगू लागल्या. खेड्यावरची एक म्हातारी माकडांच्या पिंजऱ्यासमोर पदर पसरून बसली, हळदकुंकू वाहिलं, गजांतून नारळ आत सारला, आणि माकडानं तो नारळ उचलून तिच्याच दिशेनं भिरकावला. शोभाताईंनी हात वर करून माकड करून दाखवलं. सुभद्रा हसली. जरा जास्तच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसता हसता तिची नजर मधल्या दारावरच्या पडद्याकडे गेली. पडदा हलत नव्हता. पडद्यामागे, खाटेवर, काळा चष्मा लावून जयवंता बसलेली होती. हळदीकुंकवाच्या बायका असताना विधवा बाईनं बाहेर यायचं नाही म्हणून ती आपणहून आत जाऊन बसली होती, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पडद्याअलीकडचं पलीकडे ऐकू न जायला पडदा काही भिंत नव्हता.

एवढंच झालं. शोभाताई तिळगूळ घेऊन, वाण घेऊन गेल्या. पण ते आपलं हसणं सुभद्रेच्या कानात राहिलं. भांडी विसळताना ते पुन्हा ऐकू आलं, आणि तिला वाटलं, हा आवाज माझा नव्हे, कुणाचा तरी उसना आणलेला आहे.

जयवंता तिची मोठी आई, वडलांच्या थोरल्या भावाची बायको. सुभद्रा आठ दिवसांची असताना तिची आई गेली, आणि तेव्हापासून तिला वाढवलं ते जयवंतानं. उमरेडच्या पुढे, जंगलाला टेकलेलं मोहझरी नावाचं गाव. तिथं सुभद्रा तिला मोठमाय म्हणायची. नागपुरात आल्यावर, लग्नानंतर, कधी कोण जाणे, मोठमायची मोठी आई झाली. पाहुण्यांसमोर मोठी आई, आणि घरात कुणी नसलं की मोठमाय. जयवंतेनं हा फरक कधी बोलून दाखवला नाही, पण सुभद्रेनं मोठी आई म्हटलं की ती ओ द्यायला एक क्षण उशीर करायची, दुसऱ्या कुणाला हाक मारली असावी तशी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती डिसेंबरात आली. दोन्ही डोळ्यांत पडदा आलेला. तिला तयार करायला सुभद्रेला दोन हिवाळे लागले होते. डोळे घेऊन आता काय पाह्यचं राहिलं, असं ती म्हणायची. शेवटी सुभद्रेनंच तोड काढली होती. डोळे बरे झाले की मी तुला महाराजबागेत नेते आणि वाघ दाखवते. त्यावर जयवंता म्हणाली, "दाखोशीन? मंग चाल." आणि दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून उमरेडच्या मोटारीत बसली. आठ दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना रेतीच्या पिशव्या लावून ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात उताणी पडून राहिली, हू की चू केलं नाही. उजवा डोळा झाला. डावा पुढच्या हिवाळ्यात करायचा होता. डॉक्टरांनी घरी पाठवताना सुभद्रेला बजावलं होतं, दीड महिना मानेच्या वर पाण्याचा थेंब जाता कामा नये.

वाघ का पाहायचा होता, ते सुभद्रेला ठाऊक होतं. ती सहा वर्षांची असताना, चैत्रात, मोहफुलं वेचायला पहाटे गेलेला मोठा बाप, जयवंतेचा नवरा, परत आला नाही. शालिकराम त्याचं नाव. लोक हाकारे देत गेले तेव्हा एक टोपली सापडली, मोहफुलं सांडलेली, एक वहाण आणि धोतराचा तुकडा. दुसरं काही नाही. अंग सापडलं नाही म्हणून मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. सुभद्रेला त्या जळणाऱ्या पानांचा तडतड आवाज आठवतो आणि जयवंतेचा चेहरा आठवतो. त्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, एक प्रकारचा अविश्वास होता, मोठी माणसं लहान मुलांचा खेळ पाहतात तसा. पुढे सगळं झालं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, तेरावा झाला. पण जयवंता त्या सगळ्यात कधी आलीच नाही. ती म्हणायची, पानं जाळली वं, मानूस कुठं जाळला. तिच्या लेखी शालिकराम कुठं होता ते तिला पक्कं माहीत होतं. तो त्या जनावराच्या आत होता. आणि ते जनावर तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. जंगलाच्या काठी राहणाऱ्या बाईनं डरकाळी ऐकली होती, पावलं पाहिली होती, नवरा दिला होता, पण वाघ पाहिला नव्हता.

हे असं काही कृष्णकांतला समजावून सांगण्याची वेळ सुभद्रेवर कधी आली नव्हती. कृष्णकांत सज्जन माणूस. वर्ध्याचा, नीटनेटका, कचेरीतली शिस्त घरी आणणारा. मोठ्या आईंना महाराजबाग दाखवायची म्हटल्यावर त्यानं जुन्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर कार्यक्रमच आखला होता. कलम पहिलं, सकाळी नऊ वाजता दोन सायकलरिक्षे. कलम दुसरं, वाघ, मोठ्या आईंची इच्छा. कंसात, ऊन वाढण्याआधी. मग अस्वल, हरणं, मोर. मग झाडाखाली जेवण. गोपिका, त्यांची पाच वर्षांची मुलगी, ते पान हातात घेऊन घरभर फिरायची आणि जयवंतेला वाचून दाखवायची. वाचता येत नव्हतं, पण पाठ झालं होतं. जयवंता कलम दुसऱ्यापाशी तिला थांबवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. मग एक दिवस कृष्णकांत कचेरीतून आनंदात आला. साहेबांची मुलं महाराजबागेत गेली नव्हती, बोलता बोलता विषय निघाला, आणि साहेब म्हणाले, आपण सगळेच जाऊ. त्यानं त्याच पानावर खाली चार नावं वाढवली. कुणाला काही खटकण्यासारखं त्यात नव्हतं. सुभद्रेलाही तेव्हा बरंच वाटलं.

गुरुवारी शोभाताई गेल्यावर तिन्हीसांजेला सुभद्रा दिवा लावून आत गेली, तर जयवंता खाटेखालचं बोचकं उघडून बसली होती. पुड्या सोडून चाचपत होती. शेंदूर, सुपारी, एक नारळ, आणि गावाहून आणलेली पळसाची वाळकी पानं. सुभद्रेनं विचारलं, हे काय. जयवंतेनं अगदी साधेपणानं सांगितलं. रविवारी पहाटे मले थोडं जवारीचं पीठ आणि चूल पाहिजे. एक पानगा करीन म्हणते, पळसाच्या पानात भाजलेला. त्यांना तोच आवडायचा. पिंजऱ्यापुढं ठेवीन. मग सुभद्रेनं विचारायचं नव्हतं ते विचारलं, आणि काय करशील. जयवंता थांबली. तिच्या गावात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि जंगलात कुणी वाघाचं नाव घेत नसे. दोघांनाही ती 'थे' म्हणायची.

"नाव घीन," ती म्हणाली. "मोठ्यानं. एकदा. इतकी सालं झाली, कोनी त्याईले नावानं बलावलं नाई. आता पिंजऱ्यात हायेत, आवाज त पोचन."

आणि मग, सुभद्रेच्या मनातलं ऐकू आल्यासारखी, हसून म्हणाली, "मी येडी नाई वं सुभे. थेच जनावर असन असं नाई म्हनत मी. त्याच्या जातीचं त हाये."

त्या रात्री सुभद्रेला झोप लागली असती तर बरं झालं असतं. ती पडून राहिली आणि रविवार तिच्या डोळ्यांपुढे आपणहून घडत गेला. वाघाचा पिंजरा, भोवती सुटीच्या दिवसाची गर्दी, लोखंडी कठडा. शोभाताईंची पांढरी पर्स. साहेबांची मुलं बुटांत. आणि मध्ये धुळीत बसलेली एक म्हातारी, कासोटा घातलेलं जाडंभरडं लुगडं, काळा चष्मा, पुढ्यात जळक्या पानातला पानगा, आणि ती ओरडते आहे, शालिकराम, शालिकराम. लोक हसताहेत. शोभाताई हसत नाहीत, शोभाताई सुभद्रेकडे वळून बघताहेत. सुभद्रेनं हे चित्र पुनःपुन्हा पुसलं आणि पुनःपुन्हा ते नव्यानं काढलं गेलं. तिला आठवलं, उमरेडच्या शाळेत ती आठवीत असताना जयवंता दर शनिवारी सात मैल चालत डबा घेऊन यायची आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहायची. एकदा एका मैत्रिणीनं विचारलं, ती कोण गं. आणि सुभद्रा म्हणाली होती, आमच्याकडे कामाला आहे. फाटकापासून जयवंता किती लांब होती? ऐकू गेलं असेल का? त्यानंतर जयवंता फाटकाबाहेर न थांबता थोडी पुढे, विहिरीपाशी थांबू लागली होती. तेव्हा सुभद्रेनं स्वतःची समजूत घातली होती की विहिरीपाशी सावली आहे.

माणूस एकाच ठिकाणी दोनदा कसा घसरतो. पहिल्यांदा लहान होते, असं तिला म्हणता आलं असतं. दुसऱ्यांदा ती सत्तावीस वर्षांची होती, एका मुलीची आई.

शुक्रवारी सकाळी कृष्णकांत जेवायला बसला तेव्हा तिनं त्याला सांगितलं की डॉक्टरांनी मोठ्या आईंना धूळ आणि ऊन वर्ज्य सांगितलंय, त्यांना रविवारी नेता येणार नाही, आपण त्यांना पुढं केव्हातरी नेऊ. त्याला वाईट वाटलं. साहेबांना सांगून दिवस पुढं ढकलू का, म्हणाला. ती नको म्हणाली. त्यानं कॅलेंडरच्या पानावरचं दुसरं कलम खोडलं नाही, फक्त मोठ्या आईंची इच्छा एवढ्या शब्दांवर बारीक रेघ ओढली. जयवंतेशी तो हे बोलणार नाही याची सुभद्रेला खात्री होती. जावई आणि सासू एका घरात असून एकमेकांशी सुभद्रेच्या मार्फतच बोलत.

जयवंतेला काय सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. डॉक्टरांचंच नाव सांगणार होती. पण जयवंता डॉक्टरांना ऐकणारी नव्हती. डोळा बांधून न्या म्हणाली असती, डोळा गेला तरी चालन म्हणाली असती. कृष्णकांत कचेरीत गेल्यावर सुभद्रा आत गेली. जयवंता खाटेवर बसून पळसाची पानं एकेक करून पुसत होती. आणि सुभद्रेच्या तोंडून निघालं, मोठमाय, वाघ मेला.

बोलून झाल्यावर तिला कळलं की हे किती सोपं होतं.

जयवंतेचे हात थांबले. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते. तिनं विचारलं, कधी. सुभद्रा म्हणाली, मंगळवारी. काय झालं होतं. म्हातारा झाला होता. जाळला का पुरला? सुभद्रा म्हणाली, जाळला. प्रत्येक उत्तर आधीपासून तयार असल्यासारखं येत होतं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तो वाघ जास्त जास्त खरा मरत होता. "जवळ कोनी होतं?" जयवंतेनं विचारलं. सुभद्रा म्हणाली, हो, त्याचा राखणदार होता. जयवंतेनं मान हलवली. एवढं बरं झालं, अशी. मग पानं एकावर एक ठेवून तिनं ती गुंडाळली. सुभद्रेला वाटलं होतं ती हिरमुसेल, दोन दिवस जेवणार नाही. त्याची तिनं तयारी ठेवली होती. पण चेहऱ्यावर हिरमोड नव्हताच. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते पाहात उभं राहणं नको म्हणून सुभद्रा गोपिकेला बालवाडीतून आणायला निघून गेली. वेळ झाली नव्हती तरी गेली. बालवाडीच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहिली.

परत आली तेव्हा मागच्या न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. घरात तिसरं कुणी नव्हतं. सुभद्रा मुलीचा हात धरून मोरीपर्यंत गेली. न्हाणीचं दार आतून लावलेलं. आत तांब्या भरला जात होता आणि ओतला जात होता, डोक्यावरून, सावकाश, आंघोळीला ओतावा तसा नव्हे. जानेवारीतलं हौदातलं थंड पाणी. सुतकाची आंघोळ कशी असते ते सुभद्रेला माहीत होतं. मोहझरीला बातमी आली की घरातल्या बायका जशा असतील तशा, लुगड्यासकट, डोक्यावरून पाणी घेतात. बातमी आली की आधी आंघोळ, मग रडणं. आपण जे बोललो ती बातमी होती, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला वाटलं होतं ती सबब आहे.

मग पाणी थांबलं आणि आतून आवाज आला. "शालिकराम." मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला बोलवावं एवढाच. आणि पुन्हा तांब्या बुडाल्याचा आवाज.

सुभद्रेला पुढं आयुष्यभर त्या दाराचा रंग दिसत राहिला. हिरवा, खालच्या बाजूला पाण्यानं पोपडे आलेला. तिला दार वाजवता आलं असतं. डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नको, एवढं म्हणता आलं असतं. पण आतून विचारलं गेलं असतं, मंग काय करू, सुतक नको पाळू? आणि त्याला एकच उत्तर होतं. वाघ जिता आहे. तीन शब्द. ते तिच्या तोंडात होते, जिभेवर होते, आणि ती गिळत राहिली. गोपिका म्हणाली, आई, हात दुखतो. तेव्हा तिला कळलं की आपण मुलीचा हात आवळून धरला आहे. पाणी आणखी तीनदा की चारदा पडलं. मग कडी निघाली आणि जयवंता ओल्या लुगड्यानं बाहेर आली. चष्मा हातात होता. उजवा डोळा उघडा, लाल, आणि त्यातून पाणी वाहत होतं. न्हाणीचं होतं की दुसरं, सांगता आलं नसतं. "झालं वं," ती म्हणाली, "सुटलो."

शनिवारी डोळा सुजला. जयवंता म्हणाली, कचरा गेला असन. सुभद्रेनं पाहिलं आणि पाहिलं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण डॉक्टरांनी विचारलं असतं पाणी कसं गेलं, आणि घरी कृष्णकांतनं विचारलं असतं, आणि रविवारचा डबा करायचा होता. पुऱ्या, सुकी भाजी, मसालेभात, साहेबांना गोड आवडतं म्हणून रव्याचे लाडू. सोमवारी नेऊ असं तिनं ठरवलं. लाडू वळताना तिच्या मनात एकदा हेही येऊन गेलं की लाडू चांगले झाले आहेत.

रविवारी सगळं कार्यक्रमाप्रमाणे झालं. वाघाच्या पिंजऱ्यापाशी ऊन वाढण्याआधीच पोचले. वाघ मागच्या भिंतीला लागून पडला होता, मग उठला, गजांपर्यंत आला, आणि वळला. म्हातारा नव्हता. अंगावरचं कातडं सैल नव्हतं. त्यानं तोंड उघडून एक लांब जांभई दिली आणि साहेबांचा धाकटा मुलगा गणू रडायला लागला, सगळे हसले. सुभद्रेला तो वाघ पाहवेना. आपण याला मारलं आहे, याला जाळलं आहे, याच्या शेवटच्या वेळी राखणदार बसवला आहे, आणि हा असा मजेत जांभई देतो आहे. तिनं मान फिरवली तर शेजारी शोभाताई. शोभाताईंनी पर्स काखेत धरून दोन्ही हात जोडले होते, रस्त्यात देऊळ लागलं की जोडतात तसे, चटकन. सुभद्रेनं पाहिलं हे कळताच जरा लाजल्या. "आमची आजी करायची. कोकणातली ना. सवय जात नाही," म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुमच्या मोठ्या आई का नाही आल्या, मी तर त्यांच्याशी बोलायचं म्हणून आले होते, परवा पडद्यामागेच राहिल्या. सुभद्रा म्हणाली, डोळ्यांचं पथ्य आहे. आवाज नीट आला. तिला त्याचंही नवल वाटलं.

झाडाखाली जेवताना शोभाताईंनी लाडवांची कृती विचारली. कृष्णकांत पुढच्या वेळचे बेत करत होता, साहेबांना रामटेक दाखवायचं, अंबाझरी दाखवायची. सुभद्रा वाढत होती. तिला सारखं वाटत होतं की घरी जावं, आणि त्याच वेळी वाटत होतं की घर कधी येऊच नये.

घरी आले तेव्हा जयवंता दारातच बसली होती. गोपिका रिक्षातून उतरली आणि धावत जाऊन तिच्या मांडीत पडली, आणि सुभद्रेच्या हातात डबा असतानाच, कृष्णकांत रिक्षावाल्याशी बोलत असतानाच, म्हणाली, मोठी आजी, वाघानं जांभई दिली, एवढा जबडा, गणू रडला.

 कृष्णकांत बोलत होता, भोंगा ओरडत होता, पण सुभद्रेला ते ऐकू येत नव्हतं. जयवंतेनं काळा चष्मा सुभद्रेकडे वळवला. सुजलेला गाल चष्म्याखाली दिसत होता. मग तो चष्मा मुलीकडे वळला. "दुसरा आनला असन," ती म्हणाली. "पिंजरा खाली कोन ठेवते." आणि गोपिकेच्या केसांतून हात फिरवत विचारलं, "पट्टे कसे होते वं त्याचे? सांग मले. एकेक सांग."

गोपिका सांगू लागली. कृष्णकांत आत येऊन हसत सुभद्रेला म्हणाला, सांग मोठ्या आईंना, नातीच्या डोळ्यांनी पाहून घ्या म्हणावं तोवर. सुभद्रा डबा घेऊन आत गेली आणि रिकामा डबा घासायला बसली. तिला शिव्या हव्या होत्या. ती त्या रात्रभर वाट पाहत राहिली.

सोमवारी डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि सुभद्रेला बाजूला घेऊन विचारलं, पाणी गेलं होतं का. तिच्याआधी जयवंताच खुर्चीतून बोलली, माह्या हातून झालं, पोरगी घरी नव्हती. पंधरा दिवस औषधं झाली, इंजेक्शनं झाली, डोळ्यात थेंब घालायला सुभद्रा दर दोन तासांनी उठत होती, पण डोळा राहिला नाही. मार्चमध्ये जयवंता मोहझरीला परत गेली.

दोन वर्षांनी डावा डोळा करून घेतला, तोही सुभद्रेनं तिच्या पाया पडून. या खेपेला सुभद्रा दीड महिना तिच्याजवळून हलली नाही. डोळा चांगला आला. पट्टी निघाल्यावर जयवंतेनं सुभद्रेचा चेहरा हनुवटी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, वाळलीस. त्या दुपारी घरात दोघीच होत्या. सुभद्रेनं तिच्या पायापाशी बसून सांगितलं, मोठमाय, आपण उद्या महाराजबागेत जाऊ, आपण दोघीच, पानगा मी करते. जयवंता नाही म्हणाली. सुभद्रेनं पुन्हा म्हटलं. आणि मग जे दोन वर्षं गिळलं होतं ते बाहेर आलं. "मोठमाय, थो मेला नव्हता. मी खोटं बोलली."

"मले मालूम हाये."

"कधीपासून?"

"तू आली, उभी राह्यली, आन् चांगलं बोलली तवाच." जयवंतेनं पायावरचा तिचा हात बाजूला केला नाही, धरलाही नाही. "तू खोटं बोलतं तवा लयच चांगलं बोलतं. शाळेपासून."

सुभद्रेला वर बघता येईना. मग आंघोळ कशाला केलीस, असं तिनं विचारलं; का विचारलं असं नंतर वाटलं, पण विचारलं.

जयवंता खिडकीबाहेर पाहत होती. एका डोळ्यानं पाहायची तिला सवय होत होती. "मले कोनी तरी सांगाचं होतं ना वं. इतकी सालं कोनीच सांगाले आलं नाई, का मेले म्हनून. पानं जाळून मोकळे झाले. तू आली. म्हटलं, खबर खोटी का असंना, सांगनारी त घरची हाये." मग म्हणाली, "आंघोळ त खरी केली मी. आता त्याले पाह्याले कशी जाऊ? ज्याच्या नावानं आंघोळ केली, त्याचं तोंड पाहत नाईत."

त्यात माफी होती का, ते सुभद्रेला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही.

वामनराव साहेबांची त्याच साली परत पुण्याला बदली झाली. ते निवृत्तीनंतर दोनच वर्षांत गेले. शोभाताई दर दिवाळीला पत्र लिहीत, आणि प्रत्येक पत्रात मोठ्या आईंची चौकशी असे. गोपिका शिक्षिका झाली, लग्न होऊन कामठीला गेली, तिला त्या रविवारातलं काही आठवत नाही. महाराजबाग म्हटलं की मोर आठवतात म्हणते. जयवंता एकोणीसशे ऐंशी सालच्या चैत्रात मोहझरीला गेली, झोपेतच; लोक सांगतात, शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची. डाव्या डोळ्यानंतरच्या अकरा वर्षांत ती नागपूरला चार वेळा आली, पण शालिकरामचं नाव तिच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

कृष्णकांत निवृत्त झाला आणि आता दिवसभर घरी असतो. लोक येतात, गप्पा होतात, आजारपणाचा विषय निघतो, आणि मग तो सांगू लागतो. आमच्या हिनं आपल्या मोठ्या आईची काय सेवा केली, विचारू नका. तो डोळा वाचवायला पंधरा दिवस डोळ्याला डोळा लावला नाही. अशी लेक पोटचीसुद्धा कुणाला मिळत नाही. लोक सुभद्रेकडे आदरानं पाहतात. तो सांगत असतो तेव्हा ती चहाचे कप गोळा करते, ज्यांचा चहा अजून संपलेला नाही त्यांचेही, आणि आत जाते.